गाठ कापली, फेकली, विषय संपला?

मंडळी, आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितो आहे. मांजरीच्या स्तनाच्या गाठीवर. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आधी हसून घ्या, मग शेवटपर्यंत वाचा. वीस वर्षं बातम्या लिहितो आहे. धानाचा बोनस, रेतीची तस्करी, बिबट्याने नेलेल्या शेळ्या, चिखला-डोंगरीच्या मॅंगनीज खाणी, आमच्या आंबागड किल्ल्याची पडझड, सगळं लिहून झालं. मांजरीवर लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं.

आमच्या घरी राणी नावाची मांजर होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. धानाची पोती घरात आली की तिची ड्यूटी सुरू व्हायची. ज्याच्या घरी धान असतं त्याच्या घरी उंदीर येतो, आणि उंदरामागे साप. त्यामुळे आमच्या भागात मांजर हौसेची नसते, कामाची असते. तिला कुणी विकत आणत नाही आणि तिचा हिशेबही कुणी ठेवत नाही.

राणी नऊ-दहा वर्षांची असताना बायकोला तिच्या पोटाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दुधाची गाठ आहे, जिरेल." आम्ही वाट पाहिली. हरभऱ्याचं बोर झालं, बोराचं लिंबू झालं. मग दुसऱ्या एका ठिकाणी नेऊन ती कापून घेतली. टाके नीट बसले. मी विचारलं, "साहेब, होतं काय ते?" ते म्हणाले, "गाठ होती, काढली." "तपासायला पाठवली का?" तर बादलीकडे बोट दाखवलं.

काही महिन्यांनी राणीला धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं होतं. एका सकाळी ती पोत्यांच्या मागे मेलेली सापडली. कॅन्सर होता का? बहुतेक होता. पण "बहुतेक" हा शब्द मला पत्रकार म्हणून आवडत नाही. खात्रीची गोष्ट त्या बादलीत गेली होती.

मी दोन्ही डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांचं शिक्षण गाय-म्हैस-शेळीसाठी वापरलं जातं, त्यांच्या दवाखान्यात लस येते, रेतनाच्या कांड्या येतात, जंताचं औषध येतं. मांजरीची गाठ कुठे, कशात, कोणाच्या हाती पाठवायची याची सोयच आपण त्यांना दिलेली नाही. दोष त्या न दिलेल्या सोयीचा आहे. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

आता थोडं नीट समजून घेऊ. राणी गेल्यानंतर मी वाचलं, विचारलं, आणि जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो.

मांजरीला साधारण आठ स्तनग्रंथी असतात, चार डावीकडे, चार उजवीकडे. मांजरीत होणाऱ्या गाठींमध्ये स्तनाच्या गाठींचा क्रम वरचा आहे, रक्ताच्या आणि कातडीच्या गाठींनंतर तिसरा. बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांच्या मांजरीत त्या दिसतात. बोक्यालाही होऊ शकतात, पण क्वचित.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कुत्रीच्या स्तनात गाठ आली तर ढोबळमानाने निम्म्या साध्या निघतात, निम्म्या वाईट. मांजरीत तसं नाही. मांजरीच्या दहापैकी आठ-नऊ गाठी कॅन्सरच्या निघतात. म्हणजे कुत्रीच्या अनुभवावरून "पाहू पुढे" म्हणणारा माणूस मांजरीच्या बाबतीत बहुतेक वेळा चुकतो.

आणि वेळेचा हिशेब फार कडक आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना नीट काढली तर मांजर साधारण तीन वर्षं किंवा त्याहून जास्त जगू शकते. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की हा काळ सहा-सात महिन्यांवर येतो. हे सरासरीचे आकडे आहेत, एखादी मांजर त्यापेक्षा जास्त जगेल, एखादी कमी. पण बोर आणि लिंबू यांच्यात केवढा फरक आहे ते लक्षात घ्या. आम्ही बोराचं लिंबू होऊ दिलं.

मग प्रत्येक गाठ दिसली की कापायची का? इथेच दुसरी चूक होते. तरुण मांजरीत, दोन वर्षांच्या आतल्या, गाभण असलेल्या किंवा हार्मोनचं इंजेक्शन दिलेल्या, कधी कधी थोड्याच आठवड्यांत अनेक ग्रंथी एकदम सुजतात. पाहूनच घाबरायला होतं. पण तो कॅन्सर नसतो. हार्मोनमुळे झालेली वाढ असते, आणि हार्मोनचा तो परिणाम थांबवला किंवा नसबंदी केली की बहुधा ओसरते. पिल्लं पीत असलेल्या मांजरीला थानदाह होतो, त्यातही गाठ लागते. म्हणजे एका बाजूला कॅन्सरला दुधाची गाठ म्हणून सोडून देणं, आणि दुसऱ्या बाजूला साध्या सुजेला कॅन्सर म्हणून मांजरीला गावाबाहेर सोडून येणं. दोन्ही होतं. दोन्ही मी पाहिलं आहे.

हाताला दोन्ही गाठच लागतात. सुईने थोडं पाणी ओढून काचेवर पसरवून पाहतात, त्याचा उपयोग आहे. गाठीऐवजी पू आहे का, कातडीचा दुसराच काही आजार आहे का, जवळच्या लसिकाग्रंथीत रोग पोहोचला का, ते त्यातून कळू शकतं. पण स्तनाची गाठ साधी की कॅन्सरची हे सुईवरून खात्रीने सांगता येत नाही. सुईतून सुट्या पेशी येतात. घर कसं बांधलं आहे ते चार सुट्या विटांवरून कसं कळणार? त्यासाठी भिंत पाहावी लागते. गाठीचा तुकडा तपासणं म्हणजे ती भिंत पाहणं. याला ऊतीपरीक्षण म्हणतात, आपण सगळे बायोप्सी म्हणतो.

काम असं चालतं. गाठ निघाली की ती फॉर्मलिनमध्ये टाकायची. बाजारातलं तीव्र फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात आम्लता सांभाळणारे क्षार. तुकड्याच्या दहापट तरी द्रावण हवं. बाटली रुंद तोंडाची हवी, कारण मांस फॉर्मलिनमध्ये कडक होतं आणि अरुंद तोंडातून बाहेर निघत नाही. गाठ मोठी असेल तर तिला चिरा द्यायच्या, नाहीतर बाहेरून टिकते आणि आतून सडते. बर्फात गोठवायची नाही, मिठाच्या पाण्यात ठेवायची नाही. हे सगळं डॉक्टरांनी करायचं आहे, फॉर्मलिन विषारी असतं, घरी हात लावू नका.

सोबत एक चिठ्ठी: मांजरीचं वय, नसबंदी झाली आहे का, कधी हार्मोनचं इंजेक्शन दिलं होतं का, कोणती ग्रंथी, गाठ किती मोठी, किती दिवसांत वाढली. चिठ्ठीशिवाय पाठवलेला तुकडा म्हणजे नावगाव नसलेलं निवेदन. त्यावर काय निर्णय देणार?

पुढे प्रयोगशाळेत तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात, मग तो मेणात बसवतात. मेणाच्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तीन ते पाच मायक्रॉनचे काप घेतात. चार मायक्रॉन म्हणजे किती? एका मिलिमीटरचे अडीचशे काप. मग दोन रंग देतात. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं, बाकी पेशी गुलाबी. आणि मग एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो.

तो काय पाहतो? पेशी ग्रंथीसारख्या नळ्या करून बसल्या आहेत की नुसत्या गर्दीने पसरल्या आहेत. केंद्रकं एकसारखी आहेत की एक लहान, एक मोठं, एक वाकडं. किती पेशी त्या क्षणी दुभंगत होत्या. रोग रक्ताच्या किंवा लसिकेच्या नळीत शिरला आहे का. आणि कापलेल्या कडेपर्यंत रोग आहे की कड स्वच्छ आहे. यावरून गाठीची प्रत ठरते, पहिली, दुसरी किंवा तिसरी. तिसरी सगळ्यात वाईट. ही मोजणी मुळात बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी बसवलेली आहे, पुढे मांजरीसाठी तिच्यात काही बदल केले गेले.

हे वाचून मी थांबलो. कारण मला माझी काकू आठवली.

काकूने गाठ वर्षभर लपवली. लाजेने. "कोणाले सांगू, कसं सांगू" म्हणत. जेव्हा सांगितलं तेव्हा काखेत गाठी आल्या होत्या. नागपूरला तुकडा तपासला तेव्हा रिपोर्टवर जे शब्द होते, तेच शब्द मी आता मांजरीच्या संदर्भात वाचत होतो. प्रत तिसरी. नळीत शिरकाव आहे. त्या वेळी ते शब्द मला कुणी समजावून सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. डिप्लोमा पत्रकारितेचा, दुसऱ्यांना प्रश्न विचारायचा. घरच्या कागदावर मात्र मी गप्प बसलो.

भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. आणि मांजरीचा हा रोग माणसातल्या त्याच्या एका जहाल प्रकाराशी इतका मिळताजुळता आहे की जगभरचे संशोधक मांजरीच्या गाठी अभ्यासतात. म्हणजे आपण बादलीत टाकतो ती गाठ फक्त मांजरीची माहिती नसते.

आता मूळ मुद्द्यावर येतो, सोयीचा. आंबागडहून तुमसर जवळ, तिथून भंडारा, आणि पुढे नागपूर. सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००० सालापासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही तिथेच. विकृतिशास्त्र हा तिथे शिकवला जाणारा विषय आहे. मुंबईत परळचं महाविद्यालय तर १८८६ चं. म्हणजे शास्त्र आपल्या राज्यात सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे आणि आपल्या विभागात साठ वर्षांपेक्षा जास्त. कमी काय आहे? एक बाटली, एक चिठ्ठी, आणि ती बाटली नेणारा माणूस.

गेल्या वर्षी शेजारच्या आजी आमच्या दारात आल्या. एकट्या राहतात. म्हणाल्या, "बापू, मांजरीच्या पोटाले गाठ लागते जी. तुमच्या राणीसारखी तं नाई ना?" मी हात लावून पाहिलं. बोरापेक्षा लहान होती. या वेळी थांबलो नाही. छातीचा एक्स-रे झाला, फुप्फुसं स्वच्छ होती. एका डॉक्टरांनी त्या बाजूची सगळी ग्रंथींची रांग काढली, कारण मांजरीत एक गाठ काढली तरी त्याच रांगेत दुसरी उगवू शकते. आणि मी आधीच सांगून ठेवलं होतं: काहीही फेकायचं नाही. बाटली मी स्वतः पिशवीत घालून एसटीने नागपूरला नेली. शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं, "लोणचं का?" मी हो म्हटलं. काय सांगणार?

आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर, प्रत दुसरी, नळीत शिरकाव नाही, कडा स्वच्छ. मी आजीच्या ओट्यावर बसून एकेक ओळ मराठीत करून सांगितली. आजींनी शेवटी एकच विचारलं: "म्हंजे आता रोज पोट पाहा लागन, इतलंच ना?" मी म्हटलं, हो, आणि ठरलेल्या तारखेला दाखवायला न्यायचं. दीड वर्ष होत आलं. मांजर अजून धानाच्या पोत्यावर झोपते. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, पण आता आम्ही अंदाजावर नाही, कागदावर चालतो आहोत.

मला ठाऊक आहे, खाली कोणीतरी लिहिणार: "पत्रकार साहेब, इथे माणसाला डॉक्टर नाही आणि तुम्ही मांजरीचं काय घेऊन बसलात?" प्रश्न चुकीचा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा बाळं गेली. तो दिवस या जिल्ह्यातला कोणताही पत्रकार विसरणार नाही. त्या जिल्ह्यात राहून मी मांजरीसाठी रुग्णालय बांधा म्हणत नाही.

मी एवढंच म्हणतो की माणसाचा पैसा मांजरीकडे वळवायची गरजच नाही. पशुसंवर्धनाचे दवाखाने आहेत, डॉक्टर आहेत, १९६२ नंबरवर फिरतं पथक आहे, नागपूरला महाविद्यालय आहे. यांना जोडणारा धागा नाही. आणि हा धागा फक्त मांजरीच्या कामाचा नाही. उद्या बैलाच्या शिंगाचा कॅन्सर असो, गाईच्या डोळ्याची गाठ असो, शेळी अचानक मेली असो, त्याच बाटलीत तुकडा जाणार आहे. ज्या दवाखान्याला तुकडा जपून पाठवायची सवय आहे तो दवाखाना शेतकऱ्याच्याही कामाचा. जिथे सवय नाही तिथे लाखाच्या म्हशीचंही निदान अंदाजानेच होणार.

आणखी एक गंमत सांगतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट, ससा, कुत्रा सगळे मोजले. हत्तीसुद्धा मोजला. मांजर नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेच्या यादीतही नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी औषध मागवलं जात नाही, औषध नाही म्हणून कोणी आणत नाही, आणि कोणी आणत नाही म्हणून गरज नाही असं ठरतं.

म्हणून माझं म्हणणं मुद्द्यांत मांडतो.

एक, जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने तालुक्यातल्या किमान एका दवाखान्यात तयार फॉर्मलिन, रुंद तोंडाच्या बाटल्या आणि छापील चिठ्ठ्या ठेवाव्यात. आठवड्यातून एक दिवस ठरवून नमुने नागपूरला जावेत. तुमसर, साकोली, पवनी, सगळीकडचे एकत्र. सरकारी कामासाठी गाड्या तशाही नागपूरला जातात. बाटली जागा किती घेते?

दोन, विद्यापीठाने या नमुन्यांची नोंदवही ठेवावी आणि दर वर्षी गोळाबेरीज जाहीर करावी. कोणत्या तालुक्यातून काय आलं, काय निघालं. आम्ही छापायला तयार आहोत.

तीन, खाजगी डॉक्टर मित्रांनो, गाठ फेकू नका. मालकाला परवडत नसेल तर तसं विचारा, पण विचारा तरी. "तपासायची का?" हे तीन सेकंदांचं वाक्य आहे. आणि सगळी गाठ पाठवा, मधलाच छोटा तुकडा नाही, नाहीतर कडा स्वच्छ आहेत का ते कळणार कसं?

चार, घरच्यांनो, महिन्यातून एकदा मांजर मांडीवर असताना पोटावरून दोन्ही बाजूंनी हात फिरवा. तांदळाच्या दाण्याएवढं जरी लागलं तरी तारीख लिहून ठेवा आणि दाखवा.

पाच, आणि हे सगळ्यात स्वस्त. नसबंदी लवकर करा. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींना या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होता, एक वर्षाच्या आत झालेल्यांना ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केली तर या रोगापुरता फायदा दिसला नाही. पिल्लं होऊ नयेत म्हणून हार्मोनचं इंजेक्शन किंवा गोळ्या देणं मात्र उलट धोका वाढवतं. "ऑपरेशन नको, सुई द्या" असं म्हणू नका.

खर्चाचं खरं सांगतो. आजीच्या मांजरीला खर्च आला. आजींना एकट्याने झेपला नसता, आम्ही चार घरांनी वाटून घेतला. त्यात सगळ्यात कमी खर्च तपासणीचा होता. सगळ्यात जास्त त्रास ती तपासणी कुठे होते हे शोधण्याचा झाला. हा त्रास सरकारने ठरवलं तर एका परिपत्रकाने संपू शकतो.

काकूच्या बाबतीत आम्ही उशीर केला. राणीच्या बाबतीत उशीरही केला आणि निदानही फेकून दिलं. तिसऱ्या वेळी तेवढं टाळलं. त्यासाठी फार हुशारी लागली नाही, एक बाटली लागली.

ही पोस्ट वाचून झाली की एक काम करा. तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा: "साहेब, गाठीचा नमुना पाठवायची सोय आहे का?" हो किंवा नाही, जे उत्तर मिळेल ते गावाच्या नावासह खाली लिहा. डॉक्टरांचं नाव लिहू नका, भांडण करू नका. मी महिनाभरात यादी करून जिल्हा परिषदेत देतो, आणि पोच मिळाली की तिचा फोटो इथेच टाकतो.

आणि हो, घरातल्या बायकांनाही विचारा. गाठ लपवायची गोष्ट नाही.